तारखेतलं तेल

न्हावा शेव्याजवळच्या एका गोदामात मी एकतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची बारा खाण्याच्या मालावर. कंटेनर उघडायचा, खोकी मोजायची, त्यांच्यावरची तारीख वाचायची, चार खोकी फोडून माल डोळ्यांनी बघायचा, हुंगायचा आणि कागदावर सही करायची. बदाम, डाळी, डबाबंद फळं, तेल. तारीख गेलेला माल डाव्या हाताला, तारखेतला उजव्या. जगाची इतकी सरळ वाटणी करून देणारी नोकरी फार थोड्यांच्या वाट्याला येते. काही वर्षांनी माणसाला वाटायला लागतं की ही वाटणी आपणच शोधून काढली आहे.

निवृत्तीच्या तीन वर्षं आधी मला कोरोना झाला. ताप गेला, खोकला गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. बरोबरच्या लोकांचा पंधरा दिवसांत, महिन्याभरात परत आला. माझा आला नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. गोदामात सांगितलं असतं तर मला मालावरून काढून गेटवर वही सांभाळायला बसवलं असतं. पुढे प्रयोगशाळेत सगळ्याची तपासणी व्हायचीच, म्हणून मी मनाची समजूत घातली. खोकं फोडायचो, नाक खाली न्यायचो, भुवया वर करायचो आणि तारीख वाचायचो. "तारीख खोटं बोलत नाही," असं मी नवीन लागलेल्यांना सांगायचो. ते मान डोलवायचे.

घरी का सांगितलं नाही, ते मला अजून नीट सांगता येत नाही. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, श्रीवर्धन तालुक्यात, आमच्याच गावात. मी उरणला खोली घेऊन राहायचो आणि शनिवारी घरी यायचो. आलो की ती मासळी तळायला घ्यायची आणि मी उंबऱ्यातूनच म्हणायचो, "काय वास सुटलाय." खारट, आंबट, तिखट, गोड एवढं जिभेला कळायचं. बाकीचं मी आठवणीने भरून काढायचो. एकदा तर तिने त्या दिवशी नुसती उसळ केली होती. ती म्हणाली, "शेजारून येत असेल." मी म्हणालो, "तेच म्हणतो मी."

निवृत्त होऊन घरी आलो तेव्हा तिची नोकरी दोन वर्षं शिल्लक होती. सकाळी साडेनऊला ती शाळेत जायची ती संध्याकाळी पाचला यायची. मधल्या वेळात घरात मी आणि स्वयंपाकघर. चौथ्या दिवशी मी सगळे डबे, बरण्या, पुड्या काढून ओट्यावर मांडल्या. मी याला तपासणी म्हणत होतो.

परिस्थिती माझ्या कल्पनेपेक्षा गंभीर निघाली. मिठाच्या पिशवीची तारीख जाऊन चार महिने झाले होते. ज्या समुद्रातून ते मीठ आलं तो खिडकीतून दिसत होता आणि त्याच्यावर कुठे काही छापलेलं नव्हतं, पण पिशवीवर होतं. साखरेचं तेच. मध खाली बसून रवाळ झाला होता. बायकोच्या माहेरची, तळा गावाहून आलेली चिंच काळी पडली होती. आमसुलं कोणत्या सालची ते आमसुलांनाच ठाऊक. आणि लोणच्याच्या बरणीवर तर तारीखच नव्हती. तारीख गेलेल्या मालाचं काय करायचं ते मला माहीत होतं, तारीखच नसलेला माल मी नोकरीत कधी पाहिला नव्हता. म्हणून मी त्याला सगळ्यांत धोकादायक ठरवलं.

दोन पिशव्या भरून मी मागच्या दाराने निघालो. आमच्या कुंपणापलीकडे कोळ्यांचं घर. तिथली मावशी मांडवावर बोंबील वाळत घालत होती. तिचे दोन मुलगे बोटीवर जातात, सुकवण्याचं आणि विकण्याचं ती बघते.

"काय टाकताय ओ भाऊ?"

"खराब माल आहे. तारीख गेली."

"कुठं गेली?"

मी तिला पिशवीवरची बारीक अक्षरं दाखवली. तिने मीठ हातात घेतलं, चिमटीभर जिभेवर ठेवलं, मधाच्या बाटलीला डोळ्यांसमोर धरून उन्हात बघितलं.

"मध गरम पाण्यात ठेवला की सुटंल," ती म्हणाली. "ठेवा हितंच. उकिरड्याला कशाला?"

मी तिला दोनदा बजावलं की जबाबदारी तिची. तिने मान हलवली आणि पुन्हा बोंबलाकडे वळली.

संध्याकाळी बायकोने आमटीला मीठ शोधलं. मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती, जसं ती वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्याचं ऐकत असेल तसं.

"अहो, 'बेस्ट बिफोर' लिहिलंय त्याच्यावर," ती म्हणाली. "म्हणजे तोवर उत्तम. नंतर विष झालं असा अर्थ होत नाही. मीठ, साखर, मध कोरडं ठेवलं तर वर्षानुवर्षं राहतात."

"मग छापतात कशाला?"

"छापावं लागतं म्हणून. वस्तू कशी ठेवलीय ते छापणाऱ्याला कुठे दिसतंय?"

ती शेजारी जाऊन मीठ, साखर, आमसुलं, चिंच आणि लोणचं परत घेऊन आली. मध मावशीने आधीच गरम पाण्यात ठेवला होता, तो तिच्याकडेच राहिला. बायको मला रागावली नाही. निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवा, असं तिला तिच्या शाळेतल्या बायकांनी सांगितलं असावं. तिने मला एक फळी मोकळी करून दिली आणि म्हणाली, "ही तुमची. हिच्यावर काय वाटेल ते करा."

मी त्या फळीवरच्या प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून तारखा घातल्या. आलेगेले बघायचे. हळूहळू आमच्या वस्तीतले लोक बिस्किटांचे पुडे, शेवयांची पाकिटं घेऊन मला विचारायला यायला लागले. बारीक अक्षरं माझ्याइतक्या झटकन कुणाला वाचता येत नव्हती, हे खरं होतं. मी चष्मा कपाळावर चढवायचो, पुडा दूर धरायचो आणि निकाल द्यायचो. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्या सहीशिवाय माझं ऐकत होते.

बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात दरवर्षी गावजेवण असतं. मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी आणि खीर. त्या वर्षी समितीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "आपल्यात एक तज्ज्ञ माणूस आहे, आणि आपण त्याचा उपयोग करून घेत नाही, ही शरमेची गोष्ट आहे." अध्यक्ष पोस्टातून निवृत्त झालेले. शिक्का मारणाऱ्या माणसाबद्दल त्यांना आदर होता. विहारामागच्या कोठीची चावी त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली.

जेवणाच्या तीन दिवस आधी वस्तीतले एक म्हातारे शेतकरी रिक्षात दोन पोती तांदूळ घालून आले. आम्ही त्यांना काका म्हणतो. दरवर्षी तांदूळ त्यांचाच असायचा. पोत्यांची तोंडं सुतळीने शिवलेली, आत कडुलिंबाचा पाला.

"कधीचा आहे, काका?"

"दोन वर्सं झाली. मुद्दाम ठेवलाय."

"दोन वर्षं?"

"व्हय. नवा भात गिजगा व्हतो. हा मोकळा व्हईल."

मी पोत्यावर तारीख शोधली. पोतं कुठल्याशा साखर कारखान्याचं होतं, त्याच्यावर फक्त त्या साखरेचं वजन होतं. मी काकांना सांगितलं की दोन वर्षांचं धान्य शंभर-दोनशे माणसांना घालायची जबाबदारी मला घेता येणार नाही. आजूबाजूला समितीची चार माणसं उभी होती. माझा आवाज आपोआप गोदामातला झाला.

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग पोत्यांकडे. "ठीक हाय," ते म्हणाले. रिक्षावाला अजून निघाला नव्हता. त्यानेच पोती परत आत टाकली.

श्रीवर्धनहून आम्ही नवा तांदूळ मागवला. गेल्या महिन्यात भरलेला, प्लास्टिकच्या चकचकीत पिशव्यांत, प्रत्येकीवर तारीख. मला समाधान वाटलं.

तेल कोठीतच होतं. पंधरा किलोचे दोन डबे, हिवाळ्यातल्या एका लग्नाच्या वेळी घेतलेले. दोन्ही तेव्हाच फोडलेले आणि अर्धेमुर्धे वापरून पत्र्याखाली ठेवून दिलेले. झाकण म्हणून वर वर्तमानपत्र आणि त्यावर वीट. मार्च, एप्रिल, अर्धा मे, सगळं ऊन त्या पत्र्याने खाल्लं होतं. पण डब्यावरच्या तारखेला अजून दोन महिने बाकी होते.

जेवणाच्या सकाळी आचाऱ्याने वर्तमानपत्र काढलं आणि मला हाक मारली.

"भाऊ, हे जरा बघा. मला बरोबर वाटत न्हाय."

"काय झालं?"

"वास घेऊन बघा की."

अध्यक्ष तिथेच होते. भाजी चिरणाऱ्या बायकाही हात थांबवून बघत होत्या. मला वास येत नाही, चार शब्द होते, तोंडाशी आले होते. ते बोललो असतो तर आचाऱ्याने दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं आणि पाच मिनिटांत विषय संपला असता. मी डब्यावर वाकलो. दीर्घ श्वास घेतला. डोळेसुद्धा मिटले. काहीच नव्हतं, जसं चार वर्षं काहीच नव्हतं.

"चांगलं आहे," मी म्हणालो. "तारीख बघ ना, जुलैपर्यंत आहे."

आचाऱ्याने एकदा माझ्याकडे, एकदा डब्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणताय तर," असं म्हणून त्याने कढई चुलाणावर चढवली.

वंदना झाली. भिक्षू असल्यामुळे भन्तेजींना दुपारच्या आत जेवायचं असतं म्हणून त्यांना पहिलं वाढलं. त्यांनी पुरीचा एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले. नंतर फक्त खीर खाल्ली. आम्हाला वाटलं, त्यांचा आहारच मित.

मग पंगती बसल्या. मी समितीबरोबर पहिल्या पंगतीत. मसालेभात डावातून सुटेना. वाढणारा डाव पानावर आपटायचा तेव्हा भाताचा एक गोळा पडायचा आणि त्यात वाटाणे रुतून बसलेले असायचे. मला ते आचाऱ्याचं चुकलं असं वाटलं. पुऱ्या मात्र फुगलेल्या, सोनेरी होत्या. मी चौथी घेतली आणि वाढणाऱ्याला म्हणालो, "पुरी झकास झालीय."

पंगतीत एकदम बोलणं थांबल्याचं माझ्या लक्षात आलं. माझ्या डाव्या हाताला बसलेल्या माणसाने आपली पुरी भाताखाली सारली होती. समोरच्याने पानाची घडी घालायला घेतली होती. कुणीतरी खाकरत होतं. बायकांच्या पंगतीतून बायको उठून आली आणि माझ्या शेजारी उकिडवी बसली.

"तो घास टाका," ती हळू आवाजात म्हणाली.

"का?"

"तेल खवट आहे. सगळ्या विहारात वास सुटलाय." मग ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. घास माझ्या हातातच होता. "तुम्हाला वास येत नाही?"

तिने माझ्या हातातली पुरी काढून पानात ठेवली.

घरी जाताना ती पुढे चालत होती. विहिरीपाशी थांबली.

"कधीपासून?"

"आजारपणापासून."

"चार वर्षं?"

"होतील."

"मग शनिवारी जे म्हणायचा ते?"

"अंदाजाने."

दोन दिवस तिने मला फक्त कामापुरतं विचारलं. मी खवट तेल खाऊ घातलं याच्यापेक्षा मी उसळीला मासळी म्हणालो होतो, याचा तिला जास्त राग होता. तिच्या जागी मी असतो तर मलाही आला असता.

त्या जेवणाने कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं नाही, एवढं नशीब. बऱ्याच जणांचे घसे दोन दिवस खवखवले, काहींची पोटं बिघडली. पुढच्या रविवारी मी बैठकीत उभा राहून सगळं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले की असली गोष्ट अर्जात लिहून द्यायला हवी होती. कसला अर्ज, ते त्यांनी सांगितलं नाही. आचारी एवढंच म्हणाला, "मला तर वास येत व्हता. मी तरी कशाला ऐकलं तुमचं." मला ते बैठकीतल्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त लागलं.

काकांकडे मी बैठकीच्या दुसऱ्या दिवशी गेलो. ते पडवीत बसून दोरी वळत होते. मी माफी मागितली. त्यांनी दोरी बाजूला ठेवली.

"राग न्हाय आला मला," ते म्हणाले. "मला वाटलं, मोठ्या गोदामात शिकून आलाय, त्याला कायतरी जास्त म्हायती असंल. घरी येऊन सुनेला सांगितलं. तिनं अर्धं पोतं कोंबड्यांना घातलं."

"अर्धं पोतं?"

"मी बी न्हाय अडवलं. तिला म्हटलं, घाल. आठ दिवस आम्ही रेशनचा खाल्ला."

ज्या माणसाने साठ वर्षं भात पिकवला त्याला मी एका वाक्यात त्याच्याच तांदळाचा संशय घ्यायला लावला होता. काका उठले, आतून मूठभर तांदूळ घेऊन आले आणि माझ्या तळहातावर ओतले.

"नाक न्हाय तर न्हाय. दात हायत ना? चाव."

मी एक दाणा दाढेखाली धरला. कट्ट झालं.

"असा वाजला म्हंजे कोरडा हाय. मऊ लागला तर दमट, त्याला पुढं बुरशी धरणार. आता हात झाड. तळव्याला पीठ लागलं? न्हाय. म्हंजे किडा न्हाय. आणि किडा असला तरी उन्हात घालून, पाखडून खातो आम्ही. बुरशी मात्र न्हाय खात. दाणा काळा-हिरवा दिसला की टाकायचा. शेंगदाण्याला तर लईच जपायचं." मग ते थोडं थांबून म्हणाले, "तेलाचं मात्र नाकच पायजे. ते बायकोला विचारत जा."

त्यांनी मला जेवायला बसवलं. तोच तांदूळ होता. भाताचं एकेक शीत सुटं पडलं होतं. त्याचा वास कसा होता ते मला सांगता येणार नाही, पण मी दोनदा मागून घेतला आणि या वेळी कुणाला काही बोललो नाही.

बायको मला अलिबागला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पण रोज सकाळ-संध्याकाळ चार ठरावीक वस्तू हुंगत राहा, काहींचा थोडाफार परत येतो. बायकोने चार बाटल्या भरल्या. लवंग, लिंबाची साल, कॉफी आणि सुका जवळा. शाळेत जाण्याआधी ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसायची आणि एकेक बाटली नाकाखाली धरायची.

"काय आहे?"

"लवंग."

"डोळे उघडे ठेवून सांगू नका. मिटा."

"कॉफी?"

"जवळा होता."

मावशी कुंपणावरून हे बघायची. जवळ्याला कॉफी म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते तिला कळत नसे, पण बाटलीतला जवळा संपत आला की ती न मागता आणून द्यायची. म्हणायची, "ताजा हाय, हा तरी लागंल." गणपती झाल्यावर एका सकाळी मला लवंग कळली, अगदी पुसट, पलीकडच्या खोलीत कुणीतरी चावत असावं तशी. बायकोने खात्रीसाठी बाटल्या अदलाबदल करून तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी बरोबर सांगितलं. ती शाळेत अर्धा तास उशिरा गेली. त्यानंतर लिंबू आलं. कॉफी आणि जवळा अजून आलेले नाहीत.

पुढच्या वर्षी विहाराच्या जेवणाला समितीने मला बाहेर चपलांची व्यवस्था दिली. ठराव एकमताने झाला. मी ते काम मनापासून केलं. तांदूळ काकांचा होता आणि तेल आदल्या दिवशी आणलेलं होतं.

या सगळ्याचा एक परिणाम मात्र मी धरला नव्हता. तारखेचं काही खरं नसतं, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो, आणि वस्तीत आता कुणी तारीख वाचेना. ज्या उत्साहाने लोक माझ्याकडे पुडे घेऊन यायचे त्याच उत्साहाने ते आता तारखेला हसायला लागले. परवा पावसाच्या झडीत मावशी खोकत बसली होती. शेजारी औषधाची बाटली. मी ती उचलून बघितली. तारीख जाऊन दीड वर्ष झालं होतं.

"मावशी, हे घेऊ नकोस."

"का? मधासारखं तर हाय, घट्ट."

"औषध आहे हे. औषधाची तारीख पाळायची असते. आणि ही बाटली फोडून किती दिवस झाले?"

"काय म्हायती. थोरल्याला खोकला झाला व्हता तवा." ती माझ्याकडे संशयाने बघायला लागली. "तुम्हीच म्हणालात ना, तारखेचं काय खरं न्हाय म्हणून?"

"ते मिठाचं. मधाचं. औषधाचं नाही."

"मग कोणाचं खरं, कोणाचं खोटं, ते कसं कळायचं मानसाला?"

मी ओसरीवर बसलो आणि तिला सांगायला लागलो. मीठ, साखर, मध कोरडं असलं तर फिकीर नाही. तांदूळ, डाळ बघून, चावून ठरवायचं. तेल, खोबरं, दाणे हुंगायचे आणि बुरशी दिसली तर सगळं टाकायचं. डबा फुगला असेल तर आत कितीही चांगलं दिसलं तरी उघडायचाच नाही. आणि औषध आणि लहान मुलांची दुधाची पावडर, यांची तारीख गेली की वाद घालायचा नाही. ती ऐकत होती, मधेमधे खोकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "हे सगळं तर मला ठावं हाय. औषधाचं तेवढं नव्हतं."

संध्याकाळी तिचा धाकटा मुलगा श्रीवर्धनहून नवीन औषध घेऊन आला. जुनं तिने माझ्यासमोर मोरीत ओतलं, जरा जड हाताने. बाटली मात्र टाकली नाही. घासून धुतली, उपडी घालून वाळवली आणि त्यात खोबरेल भरून ठेवलं.